संधिगत वात आणि व्यायामाची मात्रा

थंडी पडू लागली की चिकित्सालयाच्या बाकावर गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या ज्येष्ठ रुग्णांची संख्या वाढते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. उठताना दोन्ही हात मांड्यांवर टेकणे, पहिली चार-सहा पावले लंगडत टाकणे, बसताना चेहऱ्यावर कळ उमटणे, ही लक्षणे रुग्ण आपल्यासमोर येऊन बसेपर्यंतच दिसून गेलेली असतात. निदान बहुधा अवघड नसते. गुग्गुळकल्प, तेल, शेक, जानुबस्ती, मलावष्टंभ असल्यास एरंडस्नेह, हा उपचारक्रमही आपल्या अंगवळणी पडलेला आहे. या लेखात त्या कल्पांविषयी फारसे लिहिण्याचा आमचा हेतू नाही. लिहावयाचे आहे ते औषधपत्र रुग्णाच्या हाती देताना आपण सहज बोलून जातो त्या एका वाक्याविषयी : ‘आता जरा विश्रांती घ्या, जिने चढू नका, चालणे कमी करा.’

व्यवसायाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत हे वाक्य आम्ही किती रुग्णांना सांगितले याची गणती नाही. ते का सोडले, हे प्रथम सांगतो.

एक नोंद

अडुसष्ट वर्षे वयाच्या एक निवृत्त शिक्षिका दोन्ही जानुसंधींच्या वेदनेसाठी आमच्याकडे आल्या. शरीर स्थूलतेकडे झुकणारे, प्रकृती वातकफप्रधान, सकाळी उठल्यावर दहा मिनिटे आखडल्यासारखे वाटणे, जिना उतरताना वेदना अधिक. राहणे पहिल्या मजल्यावर. आम्ही योगराज गुग्गुळ, रात्री गंधर्वहरीतकी आणि बाहेरून सहचर तेल अशी योजना केली व वर दिलेले वाक्यही सांगितले. बाई शिस्तीच्या होत्या. त्यांनी जिना सोडला, देवळात जाणे सोडले, भाजी आणणे सुनेकडे दिले. तिसऱ्या भेटीच्या नोंदीत आमच्याच अक्षरात ‘वेदना अल्प’ असे आहे, पाचव्या भेटीत ‘उपशय उत्तम’. त्यानंतर औषध नेण्यास मुलगा येऊ लागला. आम्ही ‘ठीक आहे ना?’ असे विचारून पुड्या बांधून देत राहिलो.

सुमारे चौदा महिन्यांनी मुलाने घरी येण्याची विनंती केली. आई कमोडवरून स्वतः उठू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. घरी जाऊन पाहिले तर गुडघ्यापेक्षा मांडीनेच आमचे लक्ष वेधले. मांडीचा पुढचा मांसल भाग ओसरला होता. वजन सात किलोने वाढलेले, अग्नी मंद, मलप्रवृत्ती तीन दिवसांआड, झोप तुटक, आणि पडण्याची भीती इतकी की न्हाणीघरापर्यंत जाताना दोन्ही बाजूंनी माणूस लागे. आम्ही काही विचारण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुम्ही सांगितलंत तसंच वागले मी. एक दिवससुद्धा जिना उतरले नाही.’

आमचा ‘उपशय’ खोटा नव्हता, पण तो औषधाचा होता असे म्हणता येत नाही. चालताना दुखत होते. चालणे थांबले म्हणून दुखणे थांबले. आम्ही वेदना विचारली, चालणे विचारले नाही. या नोंदीनंतर आम्ही रुग्णाच्या कागदावर वेदनेच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आखला : रुग्ण गेल्या आठवड्यात घराबाहेर किती वेळा पडला.

संप्राप्तीचा पुनर्विचार

चरकसंहितेच्या वातव्याधिचिकित्सा अध्यायात संधिगत वाताचे वर्णन वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखा स्पर्श, शोथ आणि आकुंचन-प्रसारण करताना वेदना असे आलेले आहे. सुश्रुताने त्यात संधीची कार्यहानी सांगितली. वाताची वृद्धी, अस्थीचा क्षय, श्लेषक कफाची न्यूनता, हे सूत्र आपण विद्यार्थिदशेपासून घोकलेले आहे. त्यामुळे ‘झीज झाली आहे, वापर कमी करा’ असा निष्कर्ष सरळ वाटतो. बैलगाडीच्या आसाला जो न्याय लागतो तोच आपण गुडघ्याला लावतो.

परंतु सांधा हा आस नव्हे. संधीतील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला की तिच्यातील द्रव बाहेर जातो, दाब सुटला की संधिद्रव आत शिरतो, आणि या ये-जा करण्यावरच तिचे पोषण बरेचसे अवलंबून असते. श्लेषक कफाने सांध्याचे स्नेहन व्हावयाचे तर सांधा हलला पाहिजे, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. दुसरी बाब मांसधातूची. गुडघ्यावर येणारा आघात प्रथम मांडीच्या पुढील स्नायूंनी झेलावयाचा असतो. वेदनेमुळे रुग्ण पाय कमी वापरतो, त्याने मांस क्षीण होते, मांस क्षीण झाले की तोच आघात थेट संधीवर येतो आणि वेदना वाढते. तिसरी बाब मेदाची. आस्यासुखाने मेद व कफ वाढतात हे आपण प्रमेहाच्या रुग्णास आवर्जून सांगतो आणि गुडघ्याच्या रुग्णास मात्र आस्यासुखच लिहून देतो! स्थूल ज्येष्ठ रुग्णांवर केलेल्या व 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीराचे वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने उतरतो असे आढळले. दिवसभरात पावले किती पडतात याचा विचार केला म्हणजे या आकड्याचे महत्त्व ध्यानी येते.

ग्रंथातील निषेधाचे काय?

हा विषय मांडला की एक आक्षेप हमखास येतो आणि तो योग्य आहे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायात वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध व अजीर्णी यांनी व्यायाम टाळावा असे स्पष्ट म्हटले आहे. चरकानेही सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात वृद्ध व वातल यांना व्यायाम वर्ज्य सांगितला. आपला रुग्ण तर वृद्धही आहे आणि वातरोगीही. मग त्याला व्यायाम सांगणे शास्त्रविरुद्ध नव्हे काय?

हा आक्षेप टाळून पुढे जाणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. आमचे म्हणणे असे की निषेध कोणत्या व्यायामाचा आहे हे पाहिले पाहिजे. दिनचर्येतील व्यायाम हा शरीराला आयास देणारा, बलवान व स्निग्धभोजी माणसाने हेमंत, शिशिर व वसंत ऋतूंत अर्ध्या शक्तीने करावयाचा व्यायाम आहे. आपल्याकडील तालमीतील जोर-बैठका हे त्याचे चटकन डोळ्यांसमोर येणारे रूप. सत्तरीच्या वातरोग्याने तो करू नये याविषयी दुमत नाही. मात्र चरकाने व्यायामाची व्याख्या करताना स्थैर्य व बल वाढविणारी, मनास रुचणारी शरीरचेष्टा असे म्हटले आणि ती मात्रेने करावी अशी जोड दिली. सुश्रुताने अनागताबाधप्रतिषेध अध्यायात वय, बल, शरीर, देश, काल व आहार यांची समीक्षा करूनच व्यायाम करण्यास सांगितले, आणि त्याच अध्यायात देहाला पीडा न देणारे चंक्रमण वेगळे सांगून त्याने आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढतात असे म्हटले. म्हणजे वृद्धास वर्ज्य आहे तो आयास. चेष्टा वर्ज्य नाही. वृद्धाने बिछान्यात पडून राहावे असे ग्रंथकारांनी कोठेही सांगितलेले आमच्या वाचनात नाही.

आधुनिक वैद्यकाचा प्रवासही असाच झाला आहे. 1997 साली अमेरिकेत साठ वर्षांवरील 439 गुडघेदुखीच्या रुग्णांवर अठरा महिने चाललेली चाचणी प्रसिद्ध झाली. चालण्याचा अथवा स्नायुबलाचा व्यायाम केलेल्या गटांत वेदना व असमर्थता केवळ आरोग्यशिक्षण दिलेल्या गटापेक्षा कमी राहिली. सुधारणा माफक होती, चमत्कार नव्हता. आम्हास त्यातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो : व्यायाम करणाऱ्यांच्या एक्स-रेमध्ये इतरांपेक्षा अधिक झीज दिसली नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये 2022 सालापासून ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या प्रत्येक रुग्णास त्याच्या गरजेनुसार व्यायाम सांगावा असे म्हटले असून, पॅरासिटामॉल सरसकट देऊ नये व ग्लुकोसामाइन देऊच नये असेही नमूद आहे.

कोणास सांगावा, कोणास नाही

वय पंचेचाळिसाच्या पुढे, हालचालीने वाढणारी वेदना आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटणारा, असे असेल तर एक्स-रेवाचूनही संधिगत वाताचे निदान बहुधा चुकत नाही. आखडलेपणा तासभर टिकणारा, हातांचे लहान सांधे दोन्हीकडे सारखेच सुजलेले, अरुची व अंगमर्द असेल तर आमवाताचा विचार करावा. तेथे स्नेहन आधी करून व्याधी वाढविल्याची उदाहरणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. अंगठ्याचा सांधा रात्रीतून लालबुंद झाला तर वातरक्त. एकच सांधा तप्त, सुजलेला व सोबत ज्वर असेल तर तेलाची बाटली हातात न देता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. गुडघा अडकून बसणे, पडल्यानंतर पाय टेकता न येणे, एका पोटरीस अचानक सूज, विश्रांतीतही रात्रभर न थांबणारी वेदना, यांतही विलंब करू नये. चालताना छातीत दाटणारा, धाप लागणारा अथवा रक्तदाब आटोक्यात नसलेला रुग्ण असेल तर हृदयाची तपासणी होईपर्यंत व्यायाम लांबवावा.

अभ्यंगाचे स्थान

दिनचर्येचा क्रम पुन्हा एकदा पाहण्यासारखा आहे. अष्टांगहृदयात अभ्यंग आधी, त्यानंतर व्यायाम, मग उद्वर्तन आणि स्नान. आपण रुग्णास सांगतो ते बहुधा उलट : दिवसभराची कामे उरकल्यावर रात्री तेल लावून झोपावे. रात्रीच्या तेलाने झोप बरी लागते, त्याला हरकत नाही. परंतु स्नेह-स्वेदाने सांधा मृदू झालेला असतो ती घटका वाया जाते. सकाळी कोमट सहचर अथवा महानारायण तेल दोन्ही गुडघ्यांस, मांडीस व पोटरीस दहा मिनिटे लावावे, त्यावर पाच-दहा मिनिटे शेक घ्यावा आणि लगेच व्यायाम करावा. ज्या रुग्णास एरवी पाच वेळा पाय उचलताना कळ येते तो या क्रमाने दहा वेळा उचलतो, असा आमचा अनुभव आहे. तळपायाचे तेल मात्र नीट पुसून मगच उभे राहण्यास सांगावे. गुळगुळीत फरशीवर तेलकट पायाने उभे राहणे म्हणजे मोडलेल्या खुब्याला आमंत्रण. ज्यांच्याकडे जानुबस्तीची सोय आहे त्यांनी उडदाच्या पिठाचे पाळे काढल्यानंतर रुग्णास तसाच घरी न पाठवता तेथेच पहिला व्यायाम करवून घ्यावा. सात दिवसांच्या बस्तीत सात दिवसांचे शिक्षणही होऊन जाते.

प्रत्यक्ष व्यायाम

आम्ही चारच प्रकार सांगतो. अधिक सांगितले की रुग्ण एकही करीत नाही.

पहिला, पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवावी आणि गुडघ्याने ती खाली दाबावी. मांडी कठीण झाली पाहिजे. मनात पाच अंक मोजून सोडावे. ज्याला उभेही राहता येत नाही त्याच्यापासून हा प्रकार सुरू करता येतो. श्वास कोंडू नये, अंक मोठ्याने मोजले की तो आपोआप कोंडला जात नाही. दुसरा, खुर्चीवर बसून एक पाय हळू सरळ करणे, क्षणभर धरणे आणि तितक्याच हळू खाली आणणे. बहुतेक रुग्ण पाय वर नेतात आणि खाली टाकून देतात. खाली आणण्याचा भागच अधिक उपयोगाचा असतो हे दाखवून द्यावे लागते.

तिसरा प्रकार खुर्चीतील उठबस, आणि आमच्या मते हाच सर्वांत मोलाचा. कारण कमोडवरून, पलंगावरून, एस.टी.च्या बाकावरून उठणे हेच रुग्णाचे खरे काम आहे. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली, भक्कम खुर्ची घ्यावी. उंची कमी वाटल्यास बसण्याच्या जागी घडी घातलेली सतरंजी ठेवावी व पुढे एकेक घडी कमी करीत जावे. पावले खांद्यांइतकी दूर, गुडघे पावलांच्या रेषेत, धड किंचित पुढे, आणि उठावे. बसताना धपकन् बसू नये. आरंभी हातांचा आधार चालेल. तीस सेकंदांत आधाराशिवाय किती वेळा उठता येते हे आम्ही दर महिन्यास मोजून लिहितो. एक्स-रे पाच वर्षांत सुधारत नाही, पण हा आकडा सहा आठवड्यांत तीनवरून सातवर गेलेला रुग्णास स्वतःस दिसतो आणि त्याचा हुरूप वाढतो. चौथा, स्वयंपाकघरातील ओट्याला धरून टाचा उचलणे आणि नंतर एकेक पाय बाजूला नेणे. ओटा बहुतेक घरी असतो आणि चहाला आधण येईपर्यंतचा वेळ त्यास पुरतो. तोल सुधारला की ओट्याजवळच, हात केवळ टेकवून, एका पायावर उभे राहण्याचा सराव जोडावा.

चंक्रमणाविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण ‘रोज चाला’ एवढे सांगणे म्हणजे ‘गुग्गुळ खा’ एवढेच लिहिण्यासारखे आहे. रुग्ण वेदना न वाढता सलग किती मिनिटे चालू शकतो हे विचारावे. पाच मिनिटे म्हणाला तर पाच मिनिटे, दिवसातून तीन वेळा, सपाट जमिनीवर. दर आठवड्यास प्रत्येक वेळेत एक-दोन मिनिटांची वाढ. देवळाच्या सभामंडपातील प्रदक्षिणा ही या कामी आम्हास फार सोयीची वाटते : फरशी सपाट, वर छत, बसण्यास कट्टा, मोजण्यास आपोआप एकक, आणि सोबतीला माणसे. प्रदक्षिणा एकाच दिशेने होतात, म्हणून एकाच पायावर ताण येत असल्यास निम्मे अंतर बाहेर सरळ रस्त्यावर चालावे, इतकाच अपवाद.

मात्रा आणि तिची लक्षणे

अर्धशक्तीचे लक्षण सुश्रुताने दिले आहे : हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे. आपल्या वृद्ध रुग्णाने त्याच्याही अलीकडे थांबावे. चालताना बोलता आले पाहिजे, ही खूण सर्वांना समजते. सांध्याच्या वेदनेसाठी आम्ही दुसरी मोजणी वापरतो. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरले तर व्यायाम करताना वेदना दोनपर्यंत गेली तर निर्धास्त, पाचपर्यंत चालेल, त्यापुढे थांबावे. आणि वाढलेली वेदना चोवीस तासांत पूर्वपदावर आली पाहिजे. न आल्यास, अथवा दुसऱ्या दिवशी सूज दिसल्यास, व्यायाम सोडावयाचा नाही, मात्रा निम्मी करावयाची. विरेचनाचे औषध अधिक लागले म्हणून आपण विरेचनच त्याज्य ठरवीत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत थोडे अधिक दुखते, हे आधीच सांगून ठेवावे. न सांगितल्यास रुग्ण तिसऱ्या दिवशी व्यायाम बंद करतो व वैद्यास दोष देतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

अतियोगही तितकाच खरा आहे. सेवानिवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी नवे बूट घेऊन पाच किलोमीटर चालणारे गृहस्थ दर वर्षी दोन-तीन तरी येतात, सुजलेला गुडघा घेऊन. शेतकरी स्त्रियांची गोष्ट निराळी. खुरपणीत दिवसभर उकिडवे बसणाऱ्या बाईस ‘हालचाल वाढवा’ म्हणणे ही थट्टा होईल. तिला चेष्टेची उणीव नाही, एकाच स्थितीतील भार अधिक आहे. तिने बसून खुरपण्याऐवजी लांब दांड्याचे कोळपे अथवा बुटके स्टूल वापरावे, दर अर्ध्या तासाने उभे राहून चार पावले टाकावीत, आणि मांडीच्या बलाचे पहिले तीन प्रकार करावेत. मजुरीचे काम सोडा असे सांगणे सोपे, पण ते तिच्या हाती नसते.

ज्येष्ठ महिना जवळ आला की आणखी एक प्रश्न येतो : ‘डॉक्टर, यंदा वारी होईल का?’ आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, वाटेत दिवे घाटाची चढण. प्रस्थानाच्या आठ दिवस आधी विचारणाऱ्यास आम्ही पूर्ण वारीची संमती देत नाही, सपाटीचे दोन-तीन टप्पे चालण्यास सांगतो. माघात विचारणाऱ्यास मात्र सहसा नकार देत नाही. चार महिन्यांत मात्रा वाढविता येते. वारीचे उद्दिष्ट डोळ्यांसमोर असलेला रुग्ण व्यायाम चुकवीत नाही, हा त्यातील आमचा स्वार्थ.

ऋतू आणि आहार

वर्षाऋतूत अग्नी व बल दोन्ही मंद, रस्ते निसरडे. चंक्रमण घरात अथवा छताखाली करावे आणि बलाचे व्यायाम निम्म्या मात्रेने चालू ठेवावेत. पूर्ण थांबले तर आश्विनात पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. श्रावणातील उपवासांत साबुदाणा व बटाटा यांवर दिवस काढणाऱ्या स्थूल रुग्णास राजगिरा, ताक व दूध सुचवावे.

हेमंतात डिंकाचे व मेथीचे लाडू सुरू होतात. लाडू वाईट नाहीत. परंतु ग्रंथात व्यायामाचा अधिकारी स्निग्धभोजी सांगितला, त्याचा व्यत्यासही खरा मानावा : स्निग्ध भोजनाचा अधिकारी व्यायाम करणारा आहे. दुलईत बसून रोज दोन लाडू खाल्ले तर पोषण गुडघ्याचे होत नाही, मेदाचे होते. याउलट कृश वृद्धांचा आहार बहुधा चहा-चपातीवर आलेला असतो. त्यांना मुगाचे वरण, दूध, चालत असल्यास अंडे अथवा मांसरस न वाढवता केवळ व्यायाम देऊ नये. स्थूल रुग्णात आहारनियमन व व्यायाम ही जोडी दोहोंपैकी कोणत्याही एकट्या उपायापेक्षा वेदना अधिक कमी करते, असे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अठरा महिन्यांच्या चाचणीत दिसले आहे.

औषधालयचालकांसाठी

गुडघ्याचा रुग्ण आपल्याकडे महिन्यातून एकदा येतो आणि औषधालयात अनेकदा अधिक वेळा जातो. म्हणून चार गोष्टी औषधालयचालक मित्रांस सांगावयाच्या आहेत. आम्ही औषधपत्रावर कल्पांच्या खाली व्यायाम त्याच पद्धतीने लिहितो : उठबस, आठ वेळा, सकाळी अभ्यंगानंतर, आठवड्यातून तीन दिवस. ही ओळ काउंटरवर मोठ्याने वाचून दाखवावी. वैद्याने सांगितलेले रुग्ण निम्मे विसरतो, औषधे देणाऱ्याने पुन्हा सांगितले की लक्षात राहते.

काठी विकताना ती कोणत्या हातात धरावी हे दाखवावे. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. दहापैकी आठ रुग्ण ती दुखऱ्या बाजूसच धरतात. रुग्ण चपला घालून ताठ उभा राहिला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. टोकाचे रबर झिजले असेल तर काठी नसलेली बरी. गुडघ्याचा पट्टा चालताना वापरण्यास हरकत नाही, दिवसरात्र बांधून ठेवण्यासाठी तो नाही.

‘एका पुडीत उतार’ देणारी, नावगाव नसलेली चूर्णे काउंटरवर ठेवू नयेत. अशा चूर्णांत स्टिरॉइड अथवा वेदनाशामक मिसळल्याचे वेळोवेळी उघड झाले आहे. वेदना एकदम नाहीशी, भूक वाढलेली, चेहरा गोल झालेला, असा रुग्ण दिसला तर पुडी मागून घ्यावी आणि ती एकाएकी बंद न करविता वैद्याकडे अथवा रुग्णालयात पाठवावे, कारण दीर्घकाळचे स्टिरॉइड अचानक थांबविणे धोक्याचे असते. महायोगराज गुग्गुळात नागभस्म व रससिंदूर असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वृद्धास तो जुन्या चिठ्ठीवर परस्पर देत राहू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यास कोणताही गुग्गुळकल्प वैद्यास विचारूनच द्यावा. रुग्ण चालू लागला तर तेलाचा खप कमी होईल, अशी शंका एका मित्राने थट्टेने काढली होती. रोज सकाळी व्यायामापूर्वी तेल लावणाऱ्यास महिन्याला बाटली पुरत नाही, असा त्याचाच पुढचा अनुभव आहे.

त्या शिक्षिकाबाईंची नोंद पुरी करावयास हवी. पहिले तीन आठवडे केवळ पंचाची गुंडाळी दाबणे, तेही मुलगा अंक मोजत असताना. मग उंच केलेली खुर्ची. अडीच महिन्यांनी त्या आधाराशिवाय कमोडवरून उठल्या. पाचव्या महिन्यात कठडा धरून जिना उतरल्या : उतरताना दुखरा पाय आधी, चढताना बरा पाय आधी. वजन चार किलो उतरले. वेदना संपली नाही. उजवा गुडघा वाकडा होत गेला, तेव्हा दोन वर्षांनी आम्हीच त्यांना शस्त्रक्रियेसाठी पाठविले. सांधा बदलल्यावर दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने मांडी आवळण्यास सांगितले, त्यावर ‘हे मला येतं, किती वेळा करू तेवढं सांगा’ असे त्या म्हणाल्याचे मुलाने आम्हास कळविले. डाव्या गुडघ्यासाठी त्या अजूनही आमच्याकडे येतात. परवाच्या भेटीची नोंद अशी आहे : वेदना चार, उठबस तीस सेकंदांत नऊ, गेल्या आठवड्यात घराबाहेर सहा वेळा.